पट्ट्या नसलेला डबा

शनिवार, ९ ऑक्टोबर १९९३. सकाळच्या बसने हिलाल धुळ्याहून जळगावला निघाला, तेव्हा त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात अकरा हजार तीनशे चाळीस रुपये होते. नऊ हजार म्हैस विकून आलेले, बाकीचे मागच्या लगीनसराईतून उरलेले. पारोळ्यापर्यंत त्याने खिसा सहा वेळा चाचपला. हात खिशावर नसला की बोटं समोरच्या सीटच्या दांडीवर चालायची आणि जीभ वरच्या ओळीतल्या फटीत जाऊन यायची.

ती फट जूनमधली. पांझरेच्या पुलावर सायकल घसरली आणि पुढचे दोन दात गेले. दुसऱ्या कुणाचे गेले असते तर हसताना तोंडावर हात धरून भागलं असतं. हिलाल मात्र देवपुरातल्या तोतारामनानांच्या बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता, आणि क्लॅरिनेट धरायचं ते वरच्या दातांच्या आधाराने. कवळी करून पाहिली. वरचा सूर लागला की ती हलायची आणि सूर किंचाळायचा. नानांनी तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर त्याच्या जागी दोंडाईच्याचा पितांबर येणार होता.

ऑगस्टमध्ये भाचा भटू कुवेतहून आला. त्याने बरोबर एक काळं, लांबट वाद्य आणलं. तिथे त्याच्या खोलीत राहणारा एक माणूस गावी परतताना ते स्वस्तात देऊन गेला होता. बोटं क्लॅरिनेटसारखीच ठेवायची, ओठांनी नुसतं धरायचं, दातांचं काम नाही. हिलालने फुंकलं. आवाज काहीच नाही, फक्त स्वतःचा श्वास. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "याच्या पोटात आवाज नाही. हे तारेतून फक्त निरोप देतं. आवाज करणारा सिंथेसायझर वेगळा घ्यावा लागेल."

म्हणून ही जळगावची फेरी. सोबतीला वना होता, बँडमधला ढोलवाला.

"तोंडमा दात नहीत, हातमा आवाज नही," एरंडोलला चहा पिताना वना म्हणाला. "आपला बँड मुका व्हई जाई, हिलालभाऊ."

हिलालचा चहा अर्धा राहिला.

जळगावातल्या पिंप्राळ्यात मोतीलालचं घर होतं. ऑर्केस्ट्राला सामान भाड्याने द्यायचं आणि जुनं झालं की विकायचं, हा त्याचा धंदा. त्याने दोन वस्तू समोर ठेवल्या. एक लांबलचक पट्टीवाला, पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, शंभर ताल, आवाजाचे कर्णे आतच. दहा हजार आठशे. दुसरा राखाडी पत्र्याचा डबा. त्याला पट्ट्या नव्हत्या, कर्णे नव्हते, दोनचार बटणं तेवढी होती. दहा हजार दोनशे.

"पट्ट्याच नाहीत, आणि सहाशेच कमी?" हिलाल म्हणाला.

"फुंकणाऱ्याने डबा घ्यावा," मोतीलाल म्हणाला. "पट्टीवाल्याला बोटं कळतात, फुंक कळत नाही. तुम्ही वाजवून बघा."

बँडवाल्यांची वाद्य पारखायची एक रीत आहे. एकाने दारात उभं राहून जीव खाऊन वाजवायचं आणि दुसऱ्याने रस्त्याने चालत सुटायचं. आवाज ऐकू येईनासा झाला तिथून परत फिरायचं. वरात चार गल्ल्यांना ऐकू गेली पाहिजे, मग वाद्य खरं. त्याप्रमाणे वना निघाला. हिलालने सोबत आणलेलं काळं वाद्य तारेने आधी डब्याला, मग पट्टीवाल्याला जोडून नाचाची चाल वाजवली, दोन्ही वेळा छातीतली सगळी हवा ओतून.

वना घाम पुसत आला. "डबा पानटपरीपावत मरी गया. पट्टीवाला रेल्वे फाटकपावत उना."

"अहो, डब्याला मी हा छोटा स्पीकर जोडलाय," मोतीलाल म्हणाला. "तुमच्या गाडीवरचा ॲम्प्लिफायर जोडा, पार नदीपलीकडे जाईल."

डब्यावरची चाल संपवताना हिलालचा श्वास सरत गेला होता आणि त्याबरोबर सूरही बारीक होत गेला होता. ते त्याच्या ओठांना जाणवलं होतं. पण डोळ्यांसमोर नाना होते, फाटक होतं, आणि वरातीतले पाहुणे, जे आधी वाद्य बघतात आणि मग ऐकतात. त्याने पट्टीवाला घेतला.

"परत आणलात तर बाराशे कापीन," मोतीलाल पैसे मोजत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको पुष्पाबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. हिलालने नाचाच्या तीन चाली वाजवल्या. शेजारची पोरं जमली. मग त्याने बोळवणीची चाल धरली, नवरीला सासरी धाडताना वाजवतात ती. हिलालला लोक ओळखायचे ते त्या चालीने. सूर कापत, तुटत तुटत यायला हवा. त्याने फुंक हलकी केली, सूर तेवढाच. फुंक जवळजवळ सोडली, तरी सूर तेवढाच. मग एकदम गप्प.

पुष्पाबाईने सुपावरून मान वर केली. "पोर सासरी जाई ऱ्हायनी, का शाळानी घंटा वाजी ऱ्हायनी?"

हिलाल वाद्य ठेवून उठला. अंगणात फेऱ्या घातल्या, पुलापर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला, पुन्हा तीच चाल वाजवली. घंटाच. दातांनी एकदा घालवलं होतं, आता आपण आपल्या हाताने घालवलं, असं त्याला वाटत राहिलं. सोमवारी तो पट्टीवाला गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवा धरून पुन्हा जळगावच्या बसमध्ये बसला.

मोतीलालने दिलेला शब्द पाळला, बाराशे कापले. डब्याला सहाशे कमी पडले. हिलालजवळून तीनशे पंचाहत्तर निघाले, भाड्यापुरते उरले. "बाकीचे दोनशे पंचवीस लगीनसराईत द्या," मोतीलाल म्हणाला आणि वायर फुकट दिली.

गुरुवारी नानांच्या आवारात बँडची गाडी उभी होती. मुदत संपली नव्हती, तरी पितांबर येऊन बसला होता, क्लॅरिनेट मांडीवर घेऊन, नजर जमिनीकडे. हिलालने डबा गाडीवर ठेवला.

"हाई काय शे?" नाना म्हणाले. "पट्ट्या कोठे शेतस? पाहुणा म्हणतीन, रेडिओ लई उनात."

हिलालने ॲम्प्लिफायरची तार जोडली, डोळे मिटले आणि थेट बोळवण धरली. वना सवयीने रस्त्याला लागला होता. चार पावलांवर थांबला आणि तिथेच उभा राहिला. शेवटचा सूर श्वासाबरोबर बारीक होत गेला. कुठे संपला ते कळलं नाही.

नानांनी पानाची पिंक टाकली.

"पितांबर, वरातमा तू," ते म्हणाले. "तुना क्लॅरिनेट लोकेसले दिसस. बोळवणले हिलाल."

"आणि मजुरी, नाना?" हिलालने विचारलं.

"अर्धी."

हिलालने होकारार्थी मान डोलावली. त्या मोसमात त्याने एकोणतीस नवऱ्या सासरी धाडल्या. वरात चालू असेपर्यंत तो गाडीमागून चालायचा, बोटं मांडीवर वाजवत, आपली पाळी येण्याची वाट बघत.

मोतीलालला होळीपर्यंत शंभर रुपये पोचले. एकशे पंचवीस द्यायचे राहिले आहेत.