एक टोक सरकतं

नंदुरबारच्या कलीमभाईंचं आयुष्य परमुलखात विजेची सबस्टेशनं उभी करण्यात गेलं. त्यांची एकुलती लेक शगुफ्ता वाढली ती फोनवरच्या बापाच्या आवाजावर. ती बोलायला लागली तेव्हा ते कच्छात होते, शाळा संपली तेव्हा राजस्थानात. यंदा पहिल्यांदाच काम घराजवळ, रनाळ्याला लागलं, तर लेक लग्न होऊन सुरतेला गेलेली. ईदला आली, पण कामाची घाई. ती झोपल्यावर बाप घरी पोचायचा. आज संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघणार होती. स्टेशनवर तरी नक्की येतो, असा शब्द त्यांनी दिला होता.

ॲल्युमिनियमच्या जाड नळ्या, म्हणजे बसबार, चिनी मातीच्या उंच इन्सुलेटरांवर बसवून झाल्या. बाकीचे फिटर खापर गावच्या कामावर निघून गेले. कलीमभाईंनी तोंड धुतलं, नवा सदरा घातला, मोटरसायकलवर बसले आणि तसेच थांबले.

"रूपचंद, शेवटली नळीनं पलीकडलं टोक कोनी आवळं?"

"तूच ना भाऊ. आज तुले पंख फुटेल व्हतात." मोडका हात गळ्यात बांधलेला जोडीदार हसला.

नळीचं एक टोक घट्ट धरायचं, दुसरं क्लॅम्पमध्ये सरकतं ठेवायचं. ऊन आणि वीज यांनी नळी तापते, लांबते. दोन्हीकडून जखडली तर ती इन्सुलेटरला रेटते नि चिनी माती तडकते. घाईघाईत त्यांनी दोन्ही टोकं आवळली होती. सकाळी वीज सोडणार. मग तिथं हात लावता येणार नव्हता.

"पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई," रूपचंद हळूच म्हणाला.

"शिडी धर."

वर नट सैल करताना खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. दोन्ही हात गुंतलेले. तळव्यानं रेटल्यावर नळी केसभर सरकली, तेव्हाच ते उतरले. सदऱ्यावर काळे डाग पडले होते.

"अब्बा, गाडी सुटली," शगुफ्ता फोनवर म्हणाली. "दारातून रनाळ्याकडे हात केला तुम्हाला. अम्मी प्लॅटफॉर्मवरून ओरडली, वेडे, रनाळं त्या बाजूला नाही."

"मग?"

"मग पळत पलीकडच्या बाजूच्या दाराशी गेले."

बोलता बोलता आवाज तुटू लागला. कलीमभाई फोन कानाशी धरून यार्डात रेंज शोधत फिरत राहिले.