शेगडीवरचा प्लग

आमच्या वाशीत थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस. तेवढ्यासाठी लोक माकडटोप्या काढतात आणि बागेत फिरताना एकमेकांना तापमान सांगतात. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या मोटरसायकलला मात्र ते चार दिवस बरोबर कळतात. यंदा नेमकी तेव्हाच सोसायटीने नोटीस लावली. आवारातल्या बंद गाड्या रविवारी सकाळी भंगाराचा टेम्पो उचलून नेणार. ज्याची गाडी चालू असेल त्याने नऊच्या आत सेक्रेटरींना सुरू करून दाखवावी.

चूक माझीच. अण्णा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून दर रविवारी आईला मागे बसवून मी खाडीपर्यंत एक चक्कर मारून आणायचे. दिवाळीनंतर कंटाळा केला. माझी स्कूटर बटण दाबलं की सुरू होते, त्यामुळे किक मारायची सवयही गेली. आईने तीनदा आठवण करून दिली, तीनदा मी "हो गं" म्हणून सोडून दिलं. नोटीस तिनेही वाचली. शनिवारी संध्याकाळी गुडघे सांभाळत खाली गेली आणि गाडीची सीट ओल्या फडक्याने पुसून आली. ते बघून मला माझीच लाज वाटली.

रविवारी साडेसातला मी कंबर कसून खाली. चोक ओढला, मूठ पिळली, किक मारली. काही नाही. मोबाइलवर कुणा शहाण्याचा व्हिडिओ बघितला, पुन्हा चोक, पुन्हा मूठ, पुन्हा किक. सव्वाआठ झाले तरी गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. तोवर टेम्पो गेटात येऊन उभा राहिला. बागेतून परतणारे दोन काका सल्ले द्यायला थांबले. एकजण म्हणाला, धक्का मारू. दुसरा म्हणाला, जाऊ द्या हो ताई, कशाला टेन्शन घेता, गाडीचं वय झालंय. त्याला चांगलं सुनावणार होते, पण धाप लागली होती.

आई पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती.

"किती लाथा घालशील? म्हस असती तर एव्हाना पाडलं असतं तुला," ती वरून म्हणाली. "पेट्रोलचा वास हितवर येतोय. ओव्हर केलीस तू गाडी. प्लग काढ आन् वर घेऊन ये."

माझी आई साताऱ्याकडची. गाडीच्या हँडलला ती जन्मात शिवलेली नाही. पण अण्णा मार्केटात माथाडी होते, पहाटे निघायचे, आणि थंडीत गाडी रुसली की इंजिनातला स्पार्क प्लग काढून वर आणायचे. आई तो सांडशीत धरून गॅसवर तापवायची. दुसऱ्या बर्नरवर चहा. अंथरुणात मला आल्याचा आणि पेट्रोलचा वास एकदमच यायचा. सगळ्यांच्या घरी प्लग भाजतात असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं. प्लग तापेपर्यंत दोघं ओट्याला टेकून चहा पीत हळू आवाजात बोलायची. नंतर अण्णा दिवसभर पोती उचलणार, आई वीस माणसांचे डबे करणार. दोघांना एकमेकांसाठी तेवढीच दहा मिनिटं मिळायची.

मी प्लग वर नेला. आईने नाकाशी धरला, "भिजलाय नुसता," म्हणाली आणि मला परत खाली पिटाळलं. पेट्रोलचा कॉक बंद कर, चोक आत ढकल, चावी लावू नको, दहा किका नुसत्याच मार, आतलं जादा पेट्रोल निघून जाऊ दे. एखाद्या मेकॅनिकने सांगावं तसं, एका दमात. ते करून मी धावत वर आले, तर बाईसाहेबांनी दुसऱ्या बर्नरवर चहा ठेवलेला.

माझं डोकंच फिरलं. नऊला वीस मिनिटं उरली होती, टेम्पोवाला खाली दोर सोडत होता, आणि हिला चहा सुचतोय.

"प्लग तापेस्तोवर काय करायचं मग?" आई शांतपणे म्हणाली.

उभ्या उभ्या जीभ भाजत मी तो चहा प्यायले. आईने सांडशीत धरलेला प्लग मंद आचेवर फिरवून फिरवून तापवला, मधूनच वास घेतला, मग फडक्यात गुंडाळून स्वतःच जिना उतरली. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरत. मी घेते म्हटलं तर देईना. खाली तिने मला तो गरम प्लग फडक्यानेच बसवायला लावला. कॉक उघड. चावी लाव. चोक ओढू नको. मूठ अर्धी. आता मार.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग तोच जुना धडधड आवाज. काका लोक टाळ्या वाजवायला लागले. सेक्रेटरींनी यादीतला आमचा नंबर खोडला आणि आईला विचारलं, काकू, हे कुठे शिकलात? आईने पदर सारखा केला आणि "स्वयंपाकघरात," एवढंच म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

टेम्पो आमची गाडी सोडून बाकीच्या दोन गाड्या घेऊन गेला. मी गाडी बंद केली आणि आईला शब्द दिला की आता रोज सकाळी सुरू करीन, पुन्हा अशी वेळ येणार नाही. ती सीटवर हात ठेवून उभी होती. दुसऱ्या हातात अजून सांडशी.

"उद्या प्लग काढून वर आण," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं आता कशाला, झाली ना चालू.

"झाली, दिसतंय मला. तरी आण. चहा दोघींचा टाकते."