वाइन टूरला निघालेले अकरा जण

परदेशवारीचे किस्से परदेशात घडतात, असं लोकांना वाटतं. आमचे सगळे निघायच्या आधीच घडले, तेही कसबा पेठेत, नीलामावशीच्या दोन खोल्यांच्या ट्रॅव्हल ऑफिसात. दर शनिवारी तयारीची बैठक असायची आणि दर शनिवारी एकाची तरी भर पडायची.

मी तेव्हा ऍडलेडहून वाइनचं शिक्षण घेऊन नुकतीच परतले होते. पुण्याला वाइन समजावून सांगायची, हे माझं ध्येय! मावशीला म्हटलं, "ऑस्ट्रेलियाची टूर काढू. आठ दिवस द्राक्षमळे, मग सहा दिवस ज्याने त्याने आपापल्या मुलांकडे." मला वाटलं होतं, लोक माती, हवामान, लाकडी पिंपं यांबद्दल विचारतील. अकरा जणांनी नावं नोंदवली आणि पहिला प्रश्न लेलेबाईंनी विचारला: "वाइन घेतलीच पाहिजे, अशी सक्ती आहे का?"

अकरापैकी नऊ जणांना मुलांनी बोलावलं होतं. आपटेकाका-काकूंना नव्हतं. त्यांचा श्रीरंग ऍडलेडमध्येच सॉफ्टवेअरच्या नोकरीत. "मी परत येणार नाही," असं त्याने फोनवर सांगितलं, त्यावरून बापलेकांचं वाजलं आणि सहा वर्षं बोलणं बंद. काका मात्र सगळ्यांना सांगायचे, "आम्ही वाइन बघायला चाललोय." दोघांनीही आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

*

घरमालकांनी बजावलं होतं की ऑफिसात बाटली दिसता कामा नये. म्हणून चव घेण्याचा पहिला सराव कोकम सरबतावर झाला.

ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात कसा घोळवायचा, सगळं मी मनापासून शिकवलं. मग डोळे मिटायला सांगून विचारलं, "आता काय काय जाणवतंय?"

डोळे मिटूनच सगळ्यांनी आणखी एकेक घोट घेतला.

"सरबत," आपटेकाका म्हणाले.

मी हार मानली नाही. सांगितलं, की जाणकार मंडळी चव घेऊन झाली की घोट थुंकून टाकतात.

"मग ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं?" काका म्हणाले. "आमच्या जिन्यात रोज जाणकार येऊन जातात!"

*

रामभाऊ कात्रजकडचे. निम्मी जमीन बिल्डरला गेलेली, मुलगा सिडनीला. ते बैठकीला वही घेऊन यायचे, त्यामुळे माझी त्यांच्यावर फार भिस्त.

एकदा मी मळ्यांचे फोटो दाखवत होते. "इथे वेलींना मुद्दाम कमी पाणी देतात. त्यामुळे फळ लहान राहतं, पण रस दाट होतो. ही खरी कला!"

रामभाऊंनी वही मिटली.

"मुद्दाम? आमच्याकडं ही कला उन्हाळाभर चालू हाय की!"

*

मावशी मुलांना फोन करून तारखा पक्क्या करत होती. लेलेबाईंची मुलगी मेलबर्नला. तिला सहा महिन्यांचं बाळ.

"सहाच दिवस?" ती इतक्या जोरात ओरडली की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "मी आईला तीन महिने धरलं होतं! बाळाला कोण बघणार?"

लेलेबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर मागून घेतला. "अगं, टूरला शिस्त असते. सकाळी आठला बस निघते म्हणजे निघते!"

मुलांकडच्या त्या सहा दिवसांत बस नव्हतीच.

*

याच लेलेबाईंना मी सांगून ठेवलं होतं, "खायचं जे जे नेताय, ते विमानतळावर फॉर्मवर लिहायचं. लपवायचं नाही."

पुढच्या शनिवारी त्या तीन फुलस्केप कागद घेऊन आल्या. लाडू, चटण्या, गोडा मसाला, सगळं क्रमवार. भाजणीसमोर तर एकेक धान्य लिहिलेलं.

"एवढं नको हो," मी म्हटलं.

"असू दे. चोरून काही नेत नाही मी. धन्यांचं प्रमाण तेवढं गाळलंय. ते मी अजून मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही!"

*

शेवटच्या बैठकीत छापील कार्यक्रम वाटला. सगळे गेले, आपटेकाका-काकू मात्र बसून राहिले. काकांच्या हातात पेन्सिल होती.

"सातव्या दिवशी दुपारी बस या ठिकाणी थांबते?"

"हो. ड्रायव्हरला विश्रांती आणि आपल्याला चहा. वीस मिनिटं."

"वीसची तीस होतात का?"

"तिकडे नाही होत, काका."

त्यांनी खिशातून नकाशा काढला. सायबर कॅफेतून छापून आणलेला, घड्यांवर झिजलेला. "थांब्यापासून श्रीरंगचं घर दीड किलोमीटर. रोज सकाळी कालव्याकाठी तेवढंच अंतर चालून बघतोय. अठरा मिनिटं लागतात."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्याला कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं की तो विचार करत बसेल. बेल वाजली की माणूस दार उघडतो."

"पण काका, अठरा मिनिटं जायला. परत यायचं कसं?"

त्यांनी नकाशाची घडी घातली.

"ते त्याच्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच मी कार्यक्रम पुन्हा टाइप करायला घेतला. सातव्या दिवशी चहानंतर जी वाइनरी होती, तिथे मी वाइनचं काम शिकले होते. सगळी टूर मी तिच्यासाठीच आखली होती. ती ओळ खोडली आणि वरच्या ओळीत लिहिलं:

"चहा. चार तास."