अनसाकाकूनं जीभ दिली नाही

चहा बशीत ओतायची आणि गार झाला तरी फुंकायची. एसटीच्या कंडक्टरला त्याचं गाव विचारल्याशिवाय तिकीट घ्यायची नाही. शेवंती तोडताना न उमललेल्या कळ्यांना शिव्या द्यायची. सकाळ-दुपार दातांना तंबाखूची मिश्री लावायची. बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची, म्हणजे तो मध्येच उठणार नाही.

अनसाकाकू केडगावात आमच्या शेजारी राहायची. वय पन्नाशीचं. नवरा वारलेला, मूल नाही. मी मराठीत एम.ए. केलं, त्याला ती ‘गोष्टी वाचायचं काम’ म्हणायची. तरी आमची मैत्री होती.

मिश्रीनं तिच्या जिभेच्या कडेला चट्टा पडला. तो तिनं वर्षभर लपवला. मग मीच तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सर आहे, अर्धी जीभ काढावी लागेल.

“काढू द्या,” तिचे दीर बबनराव म्हणाले. “जीव वाचला म्हंजी झालं.”

“आन् तुमच्याशी भांडायचं कुणी, भावजी?”

शस्त्रक्रिया नाकारणाऱ्यांवर तिथं एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. औषध भरलेले, डोळ्यांना न दिसणारे कण शिरेतून सोडायचे. ते गाठीत साठले की गाठीवर लाल लेसर धरायचा. उजेड पडेल तिथंच औषध जागं होतं आणि गाठ जाळतं.

“खात्री नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “शस्त्रक्रियाच बरी.”

काकूनं त्यांचंही मनगट धरलं. “जीभ न्हाई द्यायची. उजेड पाडा.”

औषध अंगात असेपर्यंत ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे होते. औषध आणि लेसर झाल्यावर घरी येऊन काकूनं खिडक्यांना पोती लावली आणि एकही दिवा न लावता बसली. दिवेलागणीला आमच्याकडे कुणी घर अंधारात ठेवत नाही. ठेवलं तर लोक एकच अर्थ घेतात, दिवा लावणारं माणूस गेलं. आमच्या गल्लीतल्या रतनबाईनं रस्त्यावरून ते काळं घर पाहिलं आणि काकूच्या ओट्यावर बसून हंबरडा फोडला. बाया जमल्या. बबनराव टोपी काढून उभे राहिले.

आतून आवाज आला, “रतने, जरा सुरात रड की! आन् भावजी, टोपी घाला. हाय मी अजून.”

रतनबाई आणखी जोरात रडली.

गाठ सुकली. काकू थोडं बोबडं, पण बोलायला लागली. बोलता येतंय म्हटल्यावर तिनं नवंच काम काढलं. घरोघर जाऊन बायांना अंगणात उभं करायची आणि तोंड उघडायला लावायची. जिभेखाली, गालाच्या आत बघायची.

“लाजती काय? मी वर्षभर लाजले, काय मिळालं?”

दोघींचे चट्टे तिनं पकडले आणि हाताला धरून दवाखान्यात नेलं.

“लोक हसत्यात,” बबनराव म्हणाले.

“हसू द्या. तेवढंच तोंड उघडतंय, मला आतलं दिसतंय.”

पण आजार मानेत उतरला होता, तिथून फुप्फुसात. कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फार उरलं नव्हतं.

“काकू, जीभ दिली असती तर?” मी विचारलं.

“तर ह्या बायांना दमात कुणी घेतलं असतं? तू?”

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. आम्ही भांडलो. दोन दिवसांनी ती गेली.

मारुतीच्या देवळापर्यंतची घरं तिची बघून झाली होती. देवळापलीकडची, स्टेशनच्या बाजूची, राहिली आहेत.