आपल्या माणसाला कार्ड कशाला?

काल सकाळी भाकऱ्या उरकून मी ओटा पुसत होते. फडकं म्हणजे आमच्या गेलेल्या ह्यांचाच जुना सदरा. तेवढ्यात मालवणहून लेकीचा फोन.

"आई, जास्त ऑक्सिजनची टाकी घेऊन समुद्रात खोल गेलते! उद्या दुपारी पुन्हा खाली जाणार."

ठरावीक खोलीखाली ही हवा विषासारखी होते, पाण्यातच झटके येतात, हे मी वाचलं होतं. तिचं प्रशिक्षण साध्या हवेचं.

"बोटवाल्यानं ह्या टाकीचं शिक्षण झाल्याचं कार्ड मागितलं न्हाय?"

"तो आपल्याच गारगोटीचा हाय की. म्हणाला, आपल्या माणसाला कार्ड कशाला मागायचं, पावणं?"

आपल्या माणसाला तर आधी विचारायला हवं ना? तुम्हीच सांगा.

आज पहिल्या एसटीने मालवण गाठलं. बोटीपाशी उभी राहून प्रत्येकाला कार्ड विचारलं. लेकीला सगळ्यात आधी बोटीवरून खाली उतरवलं.