बाबांच्या गोळ्या, भर बाजारात

माझ्या बाबांनी जमवलेल्या गोळ्या मी भर दिवसा, भर बाजारात, टेबलावर त्यांच्या नावाची पाटी ठेवून विकल्या. बंदुकीच्या गोळ्या. हे सुरुवातीलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणी कुजबुजत सांगण्यापेक्षा मी मोठ्यानं सांगितलेलं बरं. ऐकून ज्यांना कसंसं होतं त्यांनी पान उलटावं, माझी काही हरकत नाही.

बाबा डॉक्टर. सत्तरच्या दशकात ते पुण्याहून नॉर्थ कॅरोलिनात आले, तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागले होते. घर कॅरी नावाच्या शहरात, आणि दवाखाना तिथून तासाभरावर, तंबाखूच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात. पेशंट बहुतेक शेतकरी. असल्याच एका म्हाताऱ्या पेशंटनं एकदा त्यांना आपल्या कोठारात नेलं आणि महायुद्धातल्या रायफलीच्या जुन्या गोळ्यांचा खोका दाखवला. बाबांनी एक गोळी उचलून बुडाशी पाहिलं, तर पितळेवर के आणि एफ अशी अक्षरं. के म्हणजे किरकी, म्हणजे आपली खडकी, आणि एफ म्हणजे फॅक्टरी. माझे आजोबा जन्मभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते आणि त्या पगारावर बाबा डॉक्टर झाले होते. त्या कारखान्यातला माल इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडला होता. बाबांनी तो खोका मागूनच घेतला. आजोबांना ते दादा म्हणायचे. घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, दादांचं पार्सल आलंय."

तिथून त्यांना वेड लागलं. देशोदेशीच्या गोळ्या, त्यांच्या बुडावरच्या खुणा, कुठल्या कारखान्यातली, कुठल्या लढाईच्या वेळची. रविवारी दुपारी डोळ्याला भिंग लावून बसायचे. शिकार वगैरे भानगड नव्हती. बाबा अंड्याच्या पुढे कधी गेले नाहीत आणि ओट्यावरच्या मुंग्यासुद्धा फुंकर मारून घालवायचे. एक रायफल होती, ती कागदावर नेम धरण्यापुरती, आणि खांदा दुखायला लागल्यावर तीही त्यांनी दुकानदाराला परत विकली. गोळ्या मात्र वाढतच गेल्या. गेस्ट रूमचं क्लोजेट हिरव्या लोखंडी पेट्यांनी खालपासून वरपर्यंत भरलं. भारतातून आलेले पाहुणे त्याच खोलीत झोपायचे आणि आई त्यांना "त्या कपाटात ह्यांचं सामान आहे" एवढंच सांगायची.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये बाबा गेले. उन्हाळा लागल्यावर आई म्हणाली, "मला एकटीला त्या खोलीशेजारी झोप येत नाही. काहीतरी कर." मी म्हटलं, विकून टाकू. इतकं साधं होतं ते. इथल्या कायद्यात बसणारं, कागदोपत्री स्वच्छ, शेजारचा अमेरिकन म्हातारा वारला असता तर त्याच्या मुलीनं हेच केलं असतं आणि कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं.

पण आमची मराठी भाषा आडवी आली.

आईनं इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंना फोनवर सांगितलं, "ह्यांच्या गोळ्या तशाच पडून आहेत हो घरात. टाकवतही नाहीत. कुणाच्या उपयोगी पडल्या तर बरं." काकू परोपकारी. डॉक्टरांच्या घरी पडून असलेल्या गोळ्या म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? त्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक मोठी रिकामी बॅग घेऊन हजर झाल्या. मी तिथेच होते. आईनं क्लोजेटचं दार उघडलं.

"बाई गं! केवढा स्टॉक हा," काकू म्हणाल्या. "एक्सपायरी बघावी लागेल हं."

"काही तर महायुद्धातल्या आहेत," आई म्हणाली. "पण हे म्हणायचे, अजून चालतील."

काकू हसल्या. त्यांना वाटलं आई गंमत करतेय. मग त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, आणि पलंगावर मटकन बसल्या.

"वहिनी, मी ह्या बॅगेत भरून एअरपोर्टवर जाणार होते. इंडियाला. गावच्या दवाखान्यासाठी."

मी इतकी हसले की मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच अशी हसत होते, आणि बाबा असते तर तेही डोळे पुसेपर्यंत हसले असते. आईलाही हसू फुटलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चहाही घेतला नाही.

आठवड्याभरात अख्ख्या मंडळाला कळलं. ज्या काकांना सगळे मानतात, ते एका संध्याकाळी समजूत घालायला आले. बाबांच्या बरोबरीचे इंजिनिअर, आमच्या घरी शेकडो वेळा जेवलेले. "हे बघ बाळा," ते म्हणाले, "टॉवर्स पडल्यापासून लोक आपल्याकडे कसे बघतात, यू नो. मी एकाशी बोललोय. अंधार पडला की तो येईल, ट्रक गराजमध्ये रिव्हर्स घेईल, शटर खाली, मॅटर क्लोज. जे देईल ते घे, बार्गेन करू नको."

"काका, हे सगळं लीगल आहे."

"लीगल आहे गं. पण दिसतं कसं?"

मला त्यांच्या भीतीचा राग नव्हता. भीती मलाही होती. विमानतळावर माझ्या नवऱ्यालाही प्रत्येक वेळी बाजूला घेत होतेच की. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ह्याच काकांनी आमच्या सोफ्यावर बसून, बाबांचं भिंग डोळ्याला लावून, ती के आणि एफ अक्षरं पाहिली होती आणि "वा डॉक्टर, वा!" म्हटलं होतं. बाबा जिवंत असेतो तो छंद होता. बाबा गेले आणि लगेच ते लपवायचं पाप झालं?

मी नाही म्हटलं. काका उठून गेले, आणि मग सप्टेंबरात गणपती आले. मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक आई कितीतरी वर्षं करत आली होती. तांदळाची पिठी दळून आणून फ्रीजरमध्ये तयार होती. आदल्या दिवशी फोन आला: "या वर्षी तुम्ही आराम करा हं वहिनी. तुमच्यावर केवढा प्रसंग गुदरलाय." आवाज अगदी मधाळ. आईनं "बरं" म्हटलं, फोन ठेवला, आणि बाहेर काढलेली पिठी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली. मग ओट्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "टाकून दे गं सगळं. कुठेही टाक. पण कुणाला कळू देऊ नकोस."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. माझ्या आईला बाबांची लाज वाटायला लावली होती ह्या लोकांनी. तीस वर्षं ज्या माणसानं ह्यांच्या पोरांचे घसे तपासले, मध्यरात्री फोन उचलले, एक पैसा घेतला नाही, त्याचं नाव आता शटर बंद करून, अंधारात, मिळेल त्या भावानं मिटवायचं. मी म्हटलं, आई, आपण काही चोरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रॅलेजवळच्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, टेबल बुक केलं. पाटी छापून घेतली: बाबांचं पूर्ण नाव, डॉक्टरसकट, आणि खाली 'यांचा संग्रह'.

मी एकटीच जाणार होते. शोच्या सकाळी गाडीत शेवटची पेटी ठेवत होते तर आई दारात उभी. इरकल नेसलेली, वर स्वेटर, हातात चहाचा थर्मास. "चल," म्हणाली. "तुला त्यातलं काय कळतंय? रविवारी शेजारी मी बसायचे."

तो मोठा पत्र्याचा हॉल, टोप्या घातलेले पुरुष, आणि मधोमध काठापदराची साडी नेसलेली माझी आई. लोक बघत होते. बघू देत. एका दाढीवाल्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"कॅरीच्या," आई म्हणाली.

"नाही, म्हणजे त्याच्याआधी?"

"त्याच्याआधीपण कॅरीच्याच." आणि तिनं त्याच्यापुढे एक पेटी सरकवली. ही कुठल्या देशाची, खूण कशी ओळखायची, सगळं तिच्या त्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगायला लागली. मी आ वासून बघत राहिले. दुपारपर्यंत टेबलाभोवती गर्दी. पाटी वाचून तंबाखूच्या गावाकडचे एक-दोन म्हातारे थांबले. एकानं टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक गेले?" मग त्यानं बाबांनी त्याच्या बायकोला कसं वाचवलं ते आईला सांगितलं, बराच वेळ सांगितलं. आईनं त्याला थर्मासमधला चहा दिला. आम्ही घरी निघालो तेव्हा टेबल रिकामं होतं. फक्त खडकीचा खोका आईनं सकाळपासून पायाशी ठेवला होता. दोघांनी मागितला, तिनं नुसती मान हलवली.

ऑक्टोबरात दसरा आला. आईनं स्वतः फोन करून अख्ख्या मंडळाला घरी बोलावलं. सगळे आले, न येऊन सांगतात कुणाला? देवघरापुढे पाटावर तिनं शस्त्रपूजा मांडली होती. बाबांचा स्टेथोस्कोप, त्यांचं भिंग, तिची मोदकाची चाळणी, माझा ऑफिसचा लॅपटॉप. आणि मधोमध तो खडकीचा खोका, उघडा, प्रत्येक गोळीच्या पितळेवर हळदीकुंकवाचं बोट. बॅगवाल्या काकू दोन पावलं मागे सरकल्या. काका पुढे झाले, आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, हे अजून ठेवलंय तुम्ही? कशाला?"

आईनं आवाज मुळीच खाली आणला नाही.

"बाकीच्या विकल्या. भर बाजारात, ह्यांच्या नावाची पाटी लावून. ह्या नाही विकणार. मामंजींच्या हातच्या आहेत."

लोणचं हातचं असतं, पुरणपोळी हातची असते. गोळ्या हातच्या असलेल्या त्या खोलीत कुणी ऐकल्या नव्हत्या. इथे आपटा मिळत नाही, म्हणून बाबांनी अंगणात रेडबडचं झाड लावलं होतं. त्याची पानं थोडीफार आपट्यासारखी दिसतात आणि दसऱ्याला आपसूक पिवळी होतात. आईनं ताटातलं एक पान उचलून काकांच्या पुढे धरलं.

"सोनं घ्या, भावजी," ती म्हणाली. "आणि आधी तिथे नमस्कार करा."

काकांनी चष्मा सारखा केला, आणि वाकून नमस्कार केला.