मशीनवरचं कुंकू

आज कारखान्यात मी एक मशीन पुसली. पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाड्या आमच्याकडे जोडल्या जायच्या. आता त्या दुसऱ्याच कुठल्या देशात जोडणार आहेत. परदेशातल्या मालकांना तिकडे जास्त परवडतं म्हणे. मशिनी तिकडे जाणार, माणसं इथेच राहणार. माझा मुलगा संजू याच मशीनवर बॅटऱ्या बसवायचा. उद्यापासून त्याला काम नाही.

लाकडी खोक्यात घालण्याआधी सगळ्या मशिनी पुसायच्या होत्या. संजू जवळ येऊन म्हणाला, "आई, नीट पूस तिला. तिकडच्यांनी नावं ठेवायला नकोत."

"मावशी, आवरा लवकर. हिला काही पासपोर्ट लागत नाही," सुपरवायझर हसत म्हणाले. काम जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचंही नाव आहे.

पुसता पुसता एका बाजूला कुंकवाचं बोट दिसलं. दसऱ्याला संजूने मशीनची पूजा केली होती, तेव्हाचं. माझा हात तिथेच थांबला. देश निवडताना मालकांनी रस्ते पाहिले असतील, बंदर पाहिलं असेल. मशीनला कोणाच्या हाताची सवय झाली आहे, हे कुठल्या कागदावर लिहीत असतील?

मी तेवढं कुंकू राहू दिलं. तिकडेही पुसायला माझ्यासारखी एखादी बाई असेल. तिला तो गंज वाटेल आणि ती घासून काढेल. तिला तरी काय बोलावं? तिचाही मुलगा नुकताच तिथे कामाला लागला असेल.